नेत्यांवर हसवून पोट भरतं का? पत्रकारितेतून विडंबनाच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी



रावेर, सावदा, फैजपूर पट्ट्यातल्या तरुणांशी बोलताना हल्ली एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा बहुतेक वेळा एखाद्या पेपरचा तालुका वार्ताहर असतो, नाहीतर मोबाईलवर गावच्या बातम्या देणारा. तो म्हणतो, "सर, सरळ बातमी कोणी बघत नाही. तीच गोष्ट नेत्याची नक्कल करून टाकली की गावभर फिरते. मग हाच धंदा केला तर?"

प्रश्न चांगला आहे. आणि उत्तर आहे, हो, होतो हा धंदा. आपल्याच महाराष्ट्रात झालाय, इंटरनेट यायच्या कितीतरी आधी. पण लोक हसले म्हणजे पैसे आले, असं नसतं. जे यात उतरले, त्यातले काही टिकले, काहींनी विकून टाकलं, काहींचं एका दिवसात थांबलं. फरक विनोदाच्या दर्जाचा नव्हता. पैसा कोणाकडून येतो आणि ग्राहक कोणाच्या हातात आहे, याचा होता. आज तेच बघू. तुमचा धंदा विडंबनाचा नसला तरी शेवटपर्यंत वाचा, कारण हा हिशोब पापडाच्या गृहउद्योगालाही लागू पडतो.

आधी माल ओळखा

आपण केळीच्या मुलखातले. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात आपल्या तालुक्याचा वाटा मोठा. तरी एकदा घड कापला की भाव कोणाच्या हातात जातो, हे तुम्हाला सांगायला नको. माल थांबत नाही, म्हणून शेतकऱ्याला थांबता येत नाही. बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला ते ऐकायचं, व्यापारी म्हणेल ते मान्य करायचं.

राजकीय विडंबन हा अगदी असाच नाशवंत माल आहे. आज सकाळी मंत्री काही बोलला, त्यावरचा टोला आज संध्याकाळपर्यंत विकला गेला पाहिजे. उद्या त्याला कोणी विचारत नाही. म्हणजे रोज नवा माल, रोज नवी मेहनत, आणि ठरलेल्या वेळेत तो उचलणारा कोणीतरी हवा. तो उचलणारा एकच असेल तर तुमचीही केळीसारखीच गत.

मग यावर उपाय काय केले लोकांनी? चार उदाहरणं बघू.

पहिलं उदाहरण: नोकरी सोडून स्वतःचं साप्ताहिक

बाळासाहेब ठाकरे राजकारणात येण्याआधी मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार होते. म्हणजे पत्रकारितेतली पगारी नोकरी. ती सोडल्यावर त्यांनी भाऊ श्रीकांत ठाकरे यांच्या साथीने १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक सुरू केलं. नाव सुचवलं वडिलांनी, प्रबोधनकारांनी. उद्घाटनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण स्वतः आले होते. ज्या सरकारवर पुढे कुंचला चालणार, त्याच सरकारचा प्रमुख पाहुणा! राजकीय मतं बाजूला ठेवा आणि धंद्याच्या नजरेने बघा.

त्यांनी काय केलं? दुसऱ्याच्या पेपरात एक कोपरा मिळत होता, तो सोडून अख्खा पेपर स्वतःचा केला. कोणतं चित्र छापायचं हे आता वरचा साहेब ठरवणार नव्हता. पैसा देणारे हजारो होते, अंक विकत घेणारे. त्यातला एक वाचक रागावून गेला तरी दुकान बंद होत नव्हतं.

पुढे 'मार्मिक'चा वाचक हाच एका चळवळीचा पाया झाला आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. यातून एकच गोष्ट लक्षात ठेवा. नियमित हसवणाऱ्या माणसाभोवती जी माणसं जमतात, ती फार मोठी ताकद असते. पेपर कागदाचा असो की मोबाईलवरचा, खरं भांडवल ती जमलेली माणसं.

आणि हो, टोला मारणं खान्देशालाही नवीन नाही. आसोद्याच्या बहिणाबाईंची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली, तेव्हा त्याला प्रस्तावना होती आचार्य अत्र्यांची. विडंबनासाठी अख्ख्या महाराष्ट्राला माहीत असलेला हा संपादक. 'नवयुग' त्यांचं, 'मराठा' त्यांचा. त्यांनीही स्वतःची पत्रंच काढली. योगायोग बघा, 'मार्मिक' निघालं तो १३ ऑगस्ट म्हणजे अत्र्यांचा वाढदिवस.

दुसरं उदाहरण: 'पागल पत्रकार'

आता इंटरनेटच्या काळात या. राहुल रौशन नावाचा तरुण. दिल्लीच्या भारतीय जनसंचार संस्थेत पत्रकारिता शिकला, टीव्ही बातम्यांत नोकरी केली, नंतर अहमदाबादच्या आयआयएममधून व्यवस्थापनाची पदवी घेतली. २००८ साली त्याने 'फेकिंग न्यूज' ही साइट काढली. खोट्या बातम्या, पण अगदी खऱ्या बातमीच्या थाटात. स्वतःचं नाव न लावता लिहायचा 'पागल पत्रकार' म्हणून.

इथे शिकण्यासारखं काय? पत्रकाराकडे जे कौशल्य आधीच होतं, तेच त्याने वापरलं. मथळा कसा द्यायचा, पहिलं वाक्य कसं बांधायचं, प्रवक्ता कसा गोल गोल बोलतो, हे त्याला आतून माहीत होतं. त्याने फक्त भट्टी बदलली, पीठ तेच. तुम्ही वार्ताहर असाल तर तहसीलच्या पत्रकाची भाषा, आमदाराच्या निवेदनाची भाषा तुम्हाला तोंडपाठ असते. ते तुमचं यंत्रसामग्रीचं भांडवल आहे, एक रुपया न घालता मिळालेलं.

दुसरी गोष्ट, साइटचं नावच सांगत होतं की ही बातमी बनावट आहे. तरी अशा बातम्या खऱ्या समजून पुढे ढकलणारे कमी नव्हते, पण दुकानाच्या पाटीवर लबाडी नव्हती.

आणि शेवट? २०१३ साली नेटवर्क १८ समूहाच्या 'फर्स्टपोस्ट'ने 'फेकिंग न्यूज' विकत घेतली. एका माणसाने सुरू केलेलं टोपणनावाचं दुकान मोठ्या कंपनीत गेलं. धंद्यात याला यश म्हणतात आणि ते आहेच. पण विक्री म्हणजे चावी देणं. त्यानंतर दुकान चालवायचं की बदलायचं की बंद करायचं, हे नवा मालक ठरवतो. रौशन पुढे तिथून बाहेर पडले आणि उजव्या विचारांची ओळख असलेल्या 'ऑपइंडिया'कडे गेले. म्हणजे माणूस एकीकडे, ब्रँड दुसरीकडे. विकायचं असेल तर खुशाल विका, पण काय विकतोय हे समजून.

तिसरं उदाहरण: एक ईमेल आणि एक करार

मुंबईचे राजकीय व्यंगचित्रकार मंजुल. अनेक मोठ्या वृत्तपत्रांत आणि नियतकालिकांत काम केलेले, नंतर स्वतंत्र. त्यांची चित्रं ट्विटरवर रोज फिरायची. जून २०२१ मध्ये ट्विटरने त्यांना ईमेल पाठवला: तुमच्या खात्यावरचा मजकूर भारतीय कायद्याचा भंग करतो, अशी विनंती भारतातल्या कायदा अंमलबजावणी यंत्रणेकडून आमच्याकडे आली आहे. ट्विटरने खातं बंद केलं नाही, फक्त कळवलं आणि वकील घेता येईल असं सुचवलं. त्यानंतर काही दिवसांतच, त्या वेळी आलेल्या बातम्यांनुसार, नेटवर्क १८ ने त्यांच्यासोबतचा करार स्थगित केला.

या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, यावर आपण निकाल द्यायला बसलेलो नाही. आपण धंदा बघतोय. एका कलाकाराचा वर्षानुवर्षांचा करार काही दिवसांत थांबू शकतो, ही गोष्ट बघा. कला तीच, हात तोच, चाहते तेच. थांबला तो पैसा, कारण तो एका नळातून येत होता.

आता स्वतःला विचारा. तुमच्या महिन्याच्या कमाईतला सगळ्यात मोठा ग्राहक उद्या गेला तर किती टक्के जाईल? उत्तर निम्म्याहून जास्त असेल, तर मित्रांनो, तुम्ही मालक नाही, बिनपगारी रजा न मिळणारे नोकर आहात.

चौथं उदाहरण: प्रेक्षकाच्या खिशातून

आकाश बॅनर्जी हा टीव्ही बातम्यांत काम केलेला पत्रकार. 'द देशभक्त' हा त्याचा यूट्यूबवरचा राजकीय उपहासाचा कार्यक्रम देशभर पाहिला जातो. सरकारला टोचणारे विषय असले की जाहिरातदार बिचकतो, हे उघड आहे. म्हणून असे लोक प्रेक्षकालाच सांगतात, आवडतं ना, मग थोडा हातभार लावा.

याचा हिशोब नीट समजून घ्या.

यूट्यूबच्या जाहिरातींतून कमाई सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि शेवटच्या १२ महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या पैशातला ५५ टक्के वाटा तुमचा, शॉर्ट्समध्ये ४५ टक्के. पण राजकारण, वाद, शिवीगाळ असलेल्या व्हिडिओवर जाहिराती कमी लागू शकतात. म्हणजे तुमचा व्हिडिओ जितका झणझणीत, तितकी जाहिरात पातळ. शेव-भाजीचा रस्सा वाढला पण शेवच नाही, असं.

आता दुसरी वाट. चॅनेलची सभासदत्व योजना. तिथे कर आणि शुल्क गेल्यावर उरलेल्याच्या ७० टक्के तुमचे. ही सोय ५०० सबस्क्रायबरपासून सुरू होऊ शकते. त्यासाठी ९० दिवसांत किमान ३ व्हिडिओ आणि वर्षभरात ३,००० तासांचं पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज लागतात.

समजा तुमचे २०० पक्के चाहते आहेत आणि प्रत्येकाकडून महिन्याला ५० रुपये येतात. झाले १०,०००. त्यातले ७० टक्के म्हणजे ७,००० तुमच्या हातात. फार नाही. पण हे ७,००० दोनशे जणांकडून आलेत. त्यातले वीस जण एखाद्या व्हिडिओवर चिडून गेले तरी ७०० रुपये गेले, दुकान नाही गेलं. 'मार्मिक'च्या अंकाची विक्री आणि ही सभासदत्व योजना, दोन्हीत साठ वर्षांचं अंतर आहे, पण तत्त्व एकच: पैसा देणारे जितके जास्त, तितकी तुमची मान ताठ.

पत्ता स्वतःचा ठेवा

व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांचं उदाहरण इथे सांगायलाच हवं. डिसेंबर २०११ मध्ये अण्णा हजारेंच्या मुंबईतल्या उपोषणाच्या वेळी त्यांची भ्रष्टाचारविरोधी व्यंगचित्रांची साइट, मुंबई पोलिसांकडे तक्रार गेल्यावर, डोमेन देणाऱ्या कंपनीने बंद केली. पुढच्या सप्टेंबरमध्ये त्यांना मुंबईत अटकही झाली. राजद्रोहाचा आरोप नंतर मागे घेतला गेला.

धडा सोपा आहे. यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक ही भाड्याची दुकानं आहेत. तिथे गर्दी आहे, म्हणून जायलाच हवं. पण गिऱ्हाईकाचा नंबर तुमच्या वहीत हवा. व्हॉट्सॲप चॅनेल काढा, ईमेल यादी करा, स्वतःच्या नावाचं डोमेन घ्या, आणि प्रत्येक व्हिडिओची मूळ प्रत वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. उद्या एक दुकान बंद झालं तर "आपण इथे सरकलोय" एवढा निरोप सगळ्यांना पोचला पाहिजे. तो पोचला नाही तर तुमचा धंदा कधी तुमचा नव्हताच.

नाशवंत मालाचे वेफर्स करा

केळीला भाव नसला की आपल्याकडे काय करतात? वेफर्स. तोच माल, पण आठ दिवसांऐवजी काही महिने टिकणारा, आणि भाव ठरवणारे तुम्ही.

विडंबनाचंही तसंच. रोजचा टोला फुकट, तो गर्दी जमवण्यासाठी. त्यातून टिकणारा माल काढा: वर्षाच्या शेवटी निवडक चित्रांचं कॅलेंडर, गणेशोत्सवात आणि गॅदरिंगला तासाभराचा कार्यक्रम, दुकानदारांसाठी हसवणाऱ्या जाहिराती, शाळा-कॉलेजात व्यंगचित्राची किंवा लेखनाची कार्यशाळा. पुण्या-मुंबईकडे 'भाडिपा'ने हेच केलं. २०१६ साली राजकीय पक्षाच्या नावाची गंमत करत सुरू झालेलं हे मराठी चॅनेल व्हिडिओपुरतं थांबलं नाही, ब्रँडसोबतचं काम आणि प्रत्यक्ष कार्यक्रम यांकडेही गेलं.

शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर रोजचा व्हिडिओ ही नवती, आणि हे सगळं पिलबाग. बुंधा एकच, पण दुसरं पीक.

कायद्याचं भान, नाहीतर धंद्याचं नुकसान

इथे गंमत संपते. नीट वाचा.

२०१२ साली पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. ज्या कलमाचा तिथे वापर झाला, ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. २०२३ मध्ये केंद्राने सरकारी कामाबद्दलचा मजकूर खोटा ठरवण्याचा अधिकार एका सरकारी तथ्य-तपासणी कक्षाला देणारी दुरुस्ती केली. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये तीही रद्द ठरवली. म्हणजे न्यायालयात उपहासाला जागा आहे.

पण निकाल यायला वर्षं लागतात, आणि त्रास एका रात्रीत होतो. त्याच कामराच्या एका व्हिडिओनंतर २३ मार्च २०२५ च्या रात्री मुंबईतल्या ज्या ठिकाणी तो कार्यक्रम चित्रित झाला होता, त्या 'हॅबिटॅट'ची तोडफोड झाली. बोलणारा एक, आणि फुटल्या दुसऱ्याच्या खुर्च्या. म्हणून हॉल देणाऱ्याला, कॅमेरा धरणाऱ्याला आधी सांगा की कार्यक्रमात काय आहे. भागीदाराला अंधारात ठेवून धंदा होत नाही.

अब्रुनुकसानी अजूनही गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली दोन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून चार नियम भिंतीवर लिहून ठेवा.

१. निर्णयावर हसा, शरीरावर, जातीवर, धर्मावर, घरातल्या बायका-मुलांवर नाही.
२. विडंबन असेल तर "हे विडंबन आहे" असं स्पष्ट लिहा. नेत्याचा आवाज किंवा चेहरा संगणकाने बनवला असेल तर ते तर लिहाच.
३. "अमुक माणसाने पैसे खाल्ले" हा विनोद नाही, आरोप आहे. कागद हातात नसेल तर बोलू नका.
४. ज्या नेत्याची जाहिरात घ्याल, त्याच्यावर हसता येणार नाही. आणि त्याच्या विरोधकावर हसलात तर कोणी हसणार नाही.

चौथा नियम आपल्या तालुक्यात सगळ्यात महत्त्वाचा. निवडणूक आली की पाकिटं येतात. वाढदिवसाच्या शुभेच्छांची जाहिरात येते. लहान गावात नाही म्हणणं अवघड, कारण तो नेता तुमच्या मामाच्या ओळखीचा असतो. पण ज्या दिवशी प्रेक्षकाला कळतं की हा एकाच बाजूला टोचतो, त्या दिवसापासून तुम्ही विडंबनकार राहत नाही, प्रचारक होता. प्रचारकाला निवडणुकीनंतर काम नसतं.

पहिल्या सहा महिन्यांचा आराखडा

नोकरी किंवा वार्ताहरकी लगेच सोडू नका. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला असल्याशिवाय तर नाहीच.

पहिले दोन महिने: आठवड्यातून दोनच व्हिडिओ, पण वार आणि वेळ ठरलेली. विषय गावचे घ्या, दिल्लीचे नको. केळीचा जाहीर भाव आणि हातात पडलेला भाव, पीकविम्याचे फॉर्म, रात्रीची वीज, खड्ड्यांचं तिसरं भूमिपूजन. दिल्लीवर बोलणारे हजार आहेत, रावेरच्या खड्ड्यावर बोलणारे तुम्ही एकटे.

तिसरा-चौथा महिना: व्हॉट्सॲप चॅनेलवर माणसं आणा. किती लोकांनी पाहिलं यापेक्षा किती जण पुन्हा आले ते मोजा.

पाचवा-सहावा महिना: पहिला विकाऊ माल काढा. एक कार्यक्रम, एक कॅलेंडर, एका दुकानदाराची जाहिरात. रक्कम छोटी चालेल, पण पावती फाडा आणि उत्पन्नाची नोंद ठेवा. वर्षाची सेवा-उलाढाल २० लाखांच्या पुढे जाणार असेल तर जीएसटी नोंदणीसाठी सीएला भेटा.

सहा महिन्यांनी वही उघडा आणि कमाईचे सगळे नळ लिहा. एका नळातून चाळीस टक्क्यांपेक्षा जास्त येत असेल, तर पुढचे सहा महिने नवा नळ जोडण्यात घालवा. विनोद सुधारायला वेळ आहे, हा हिशोब आधी.

तर मित्रांनो, हा धंदा हसण्याचा आहे, पण चालवायचा गंभीरपणे. या आठवड्याचं काम एवढंच: तुमच्या आजच्या धंद्यात, मग तो किराणा असो, टेलरिंग असो की चॅनेल, पैसे देणाऱ्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे टक्केवारी लिहा. पहिल्या नावापुढचा आकडा बघून घाम फुटला, तर आजचा लेख कामी आला म्हणायचं.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, हिशोब ठेवा, आणि हो, हसत राहा!